वॅगनआरचा घासलेला बंपर घरी रंगवला : मे ते जुलै २०२५ च्या नोंदी

३ मे २०२५, शनिवार

आंब्याच्या सहा पेट्या डिकीत आणि दोन मागच्या सीटवर, त्यामुळे मागच्या काचेतून दिसत होतं ते फक्त पेंढा आणि फळ्या. खळ्यातून गाडी मागे घेताना आई "ये, ये, ये" करत होती, तिचं "बस" यायच्या आधीच कर्रर्र आवाज आला. मागचा डावा कोपरा गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीला, घासला. गडगा जांभ्याच्या चिऱ्यांचा, आणि जांभा म्हणजे देवाने घडवलेला ४० नंबरचा पॉलिश पेपर.

गाडी वॅगनआर, २०१९ ची, सिल्व्हर. साधारण १४ सेंटिमीटर लांब आणि ४ रुंद पट्टा खरवडलाय, त्यात तांबडी भुकटी बसलीय आणि तीन चरे चांगले खोल आहेत. बंपर चेपलेला नाही, हाताने हलवून बघितला तर घट्ट आहे, म्हणजे आतल्या क्लिपा शाबूत. हे सगळ्यात आधी बघा, क्लिप तुटली असेल तर नुसता रंग मारून काही होत नाही.

संध्याकाळी दोन गॅरेजात विचारलं. एकाने ३५०० सांगितले, अख्खा बंपर उतरवून मारणार, तीन दिवस गाडी ठेवा. दुसऱ्याने ४८००. "तेवढा कोपराच मारून द्या ना" म्हटलं तर दोघंही नाही म्हणाले, सिल्व्हर आहे, पॅच दिसतो आणि मग तुम्हीच येऊन भांडता. मला तेव्हा वाटलं टाळतायत. (नंतरची भर : टाळत नव्हते.)

इन्शुरन्सचा विचार पाच मिनिटं केला. पाच वर्षं क्लेम नाही म्हणून नो क्लेम बोनस ५० टक्के झालाय, तो ओन डॅमेजच्या (म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर मिळतो, एक क्लेम टाकला की पुढच्या वर्षी शून्य. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १००० रुपये आपल्या खिशातून जातातच. साडेतीन हजारांसाठी कोण करतंय. आणि मे महिन्यात तीन दिवस गाडी नाही म्हणजे आंबा घरातच पिकून जाणार. तर घरीच करायचं ठरवलं, सुट्टी चालू आहे, ऊनही कडक आहे, सात जूनपर्यंत पाऊस काही येत नाही असा माझा हिशोब. हा हिशोब लक्षात ठेवा.

४ मे, रविवार

आज फक्त धुणं आणि निदान. भरपूर पाणी मारून तांबडी माती आधी वाहू दिली, मगच शाम्पू आणि कपडा. कोरड्या कपड्याने पुसायला जाऊ नका, जांभ्याचे कण शेजारच्या चांगल्या रंगावर फिरतात आणि नवीन ओरखडे पडतात.

तेवढ्यात शेजारचे काका आले आणि टूथपेस्ट लावायला सांगून गेले. लावून बघितली, नाही म्हणायला मन धजेना. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते त्यामुळे वरवरचा डाग थोडा निघतो, चरा भरून येत नाही. बंपरला पुदिन्याचा वास मात्र दोन दिवस येत होता.

मग नखाची परीक्षा. ओरखड्यावरून आडवं नख फिरवायचं, अडकलं नाही तर ओरखडा वरच्या लॅकरमध्येच (रंगावरच्या पारदर्शक थरात) आहे आणि कंपाउंडने (घासून चमकवायच्या पेस्टने) जाऊ शकतो. अडकलं तर खालपर्यंत गेलाय. रबिंग कंपाउंड (२१० रुपये) ओल्या कपड्यावर घेऊन अर्धा तास हाताने घासलं आणि जे जुनाट वाटत होतं त्यातलं जवळजवळ निम्मं गेलं! म्हणजे १४ सेंटिमीटरचा पट्टा आता ८ चा राहिला. तुमचं एवढ्यावर भागलं तर इथेच थांबा, खरंच थांबा, दोनशे रुपयांत सुटलात.

माझं भागलं नाही. तीन चऱ्यांत नख अडकतं आणि दोन ठिकाणी काळं प्लास्टिक दिसतंय.

६ मे, मंगळवार

पहिली घोडचूक. बाजारातून तयार सिल्व्हरचा स्प्रे कॅन आणला, २७० रुपये. दुकानदार म्हणाला सिल्व्हर म्हणजे सिल्व्हर. पुठ्ठ्यावर मारून गाडीजवळ धरला तर पातेल्याला कल्हई केल्यासारखा दिसतोय आणि गाडीचा रंग त्यापुढे निळसर राखाडी. सिल्व्हरमध्ये शंभर जाती असतात हे २७० रुपये देऊन कळलं. त्या कॅनने गेटची कडी रंगवली.

गाडीवरच्या माहितीच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, माझा झेड-टू-एस, म्हणजे सिल्की सिल्व्हर. त्यावरून रंग बनवून घ्यायचा. इथे कोणी शंभर-दोनशे मिली बनवून कॅनमध्ये भरून देईना, एक लिटर घ्या म्हणतात.

१० मे, शनिवार

ताईकडे कोल्हापूरला आंबा पोचवायचाच होता, म्हणून आंबा घाटाने गेलो आणि परत येताना रंगाच्या दुकानात गाडीच घेऊन गेलो. हे फार बरं झालं. त्याने कोडवरून कॉम्प्युटरवर फॉर्म्युला काढला पण त्याच एका कोडमध्ये तीन छटा निघाल्या. शेड कार्डचा पंखा घेऊन तो बाहेर आला, बंपर पुसला, कार्ड धरून आधी समोरून बघितलं मग खाली बसून कडेने बघितलं. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, समोरून जुळलेला रंग कडेने बघितला की गडद निघू शकतो. फोनवर नुसता कोड सांगून मागवला असता तर हे झालंच नसतं. सहा वर्षं उन्हात राहिलेली गाडी, छापील कोडला ती तरी कुठे तंतोतंत जुळणार.

काट्यावर ग्रॅममध्ये मोजून रंग बनवला, कॅनमध्ये भरला, ७२० रुपये. लॅकरचा कॅन ४६०. तो विचारत होता हार्डनरवालं टू-के लॅकर देऊ का, ते जास्त टिकतं, पेट्रोलला दाद देत नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं, त्याला साधा कापडी मास्क चालत नाही, नीट फिल्टरवाला मास्क लागतो. घरात आई आणि दोन वर्षांची पोर, शेड घराला लागून. हार्डनर नसलेलं साधं वन-के घेतलं. तोटा असा की पेट्रोल सांडलं तर वन-के मऊ पडतं आणि माझ्या टाकीचं झाकण नेमकं डाव्या बाजूलाच आहे. पंपावर जरा लक्ष ठेवायचं, दुसरं काय.

प्लास्टिकचा प्रायमर (रंग चिकटावा म्हणून खाली मारायचा थर) विचारला का? नाही. विसरलो. पुढे वाचा.

११ मे, रविवार

घासाई. सकाळी साडेसहाला सुरू केली, दहाला संपली.

६०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यासोबत घासायचा पॉलिश पेपर), बादलीत अर्धा तास भिजवलेला, पाण्यात दोन थेंब शाम्पू. पेपर नुसत्या बोटांनी धरला की बोटांच्या जागी खळगे पडतात म्हणून जुन्या स्लिपरचा तुकडा कापून त्याला गुंडाळला. बंपर गोलाकार आहे, लाकडी ठोकळा चालत नाही, स्लिपरचं रबर वाकतं. हा जुगाड झकास चालला.

चऱ्याच्या कडा उतरत्या करायच्या, म्हणजे रंग, प्रायमर, प्लास्टिक अशा पायऱ्या बोटाला लागता कामा नयेत. डोळे मिटून बोट फिरवायचं, डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं.

इथे एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. उघड्या प्लास्टिकवर पेपर फिरवला की त्याला लव येते, केसाळ होतं. बंपरच्या आतल्या बाजूला पीपी असा शिक्का आहे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते घासलं जात नाही, उलट त्याचे तंतू निघतात. मला वाटलं अजून घासलं की जाईल, म्हणून अजून घासलं, तर अजून आली. शेवटी ८०० ओला घेऊन हलक्या हाताने दोन-चारदा फिरवला आणि सोडून दिलं. उरलेली लव प्रायमर बसल्यावर घासली की जाते.

१३ मे, मंगळवार

इथलाच राखाडी प्रायमर आणला होता, २४० चा. आजूबाजूला पेपर आणि टेप लावून दोन हात मारले, सुंदर बसला, फोटोबिटो काढले, ताईला पाठवले. दुपारी टेप काढताना कोपऱ्यावरचा प्रायमर टेपबरोबर उठून आला. नख लावलं तर उकडलेल्या अंड्याचं कवच निघावं तसा अख्खा पापुद्रा हातात.

ओळखीच्या पेंटरदादांना फोन केला. ते आधी हसले. "अहो सर, पॉलिप्रॉपिलीनवर काहीच चिकटत नाही, त्याच्यासाठी वेगळा प्रायमर असतो तो आधी मारायचा पातळ, मग तुमचा राखाडी." दुधाच्या पिशवीला स्टिकर चिकटतो का, असंही म्हणाले. जुन्या रंगावर माझा राखाडी घट्ट बसला होता, निघाला तो फक्त उघड्या प्लास्टिकवरचा.

सगळं परत घासून काढलं. अडीच तास गेले. प्लास्टिक प्रायमर त्यांच्याकडूनच मिळाला, ४८० रुपये.

१६ मे, शुक्रवार

आता क्रम असा ठेवला : आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसणं (अर्ध्या लिटरची बाटली १९०), प्लास्टिक प्रायमरचा एक अगदी पातळ हात, कॅनवर लिहिल्याप्रमाणे थांबणं, मग राखाडी प्रायमरचे दोन हात. सुकल्यावर टेप चिकटवून खसकन ओढून बघितला. निघाला नाही. परत बघितला. नाही निघाला.

चऱ्यांच्या दोन रेषा प्रायमरमधूनही दिसत होत्या. त्यात ट्यूबमधली लांबी (पुट्टी) भरली, ११० रुपये, जुन्या एटीएम कार्डाने ओढून. लांबी थेट उघड्या प्लास्टिकवर भरायची नाही, प्रायमरच्या वर. आणि जेमतेम रेषा बुजेल एवढीच, कारण बंपर वाकतो आणि जाड लांबी वाकत नाही, तडकते. सुकल्यावर ८००, मग वर प्रायमरचा आणखी एक हात, मग १००० ओला. एवढ्याला दिवस गेला पण मधे जेवण आणि झोपही झाली, प्रत्यक्ष काम तीन तासांचं.

१८ मे, रविवार

बेस कोट, म्हणजे खरा सिल्व्हर रंग. सकाळी सगळं आवरून, आयपीएने पुसून, कॅन तीन मिनिटं हलवून पहिला हात मारला आणि बघता बघता रंगात वाटोळे खड्डे पडायला लागले. मसूर डाळीएवढे, प्रत्येक खड्ड्याच्या मध्यभागी खालचा प्रायमर दिसतोय. पेंटर लोक याला फिश आय म्हणतात. सिलिकॉन. काल संध्याकाळी मीच उत्साहात त्याच शेडमध्ये टायरला पॉलिशचा स्प्रे मारला होता! त्याचा फवारा उडून बंपरवर बसला असणार. सकाळी आयपीएने पुसलं होतं पण एकाच कपड्याने गोल गोल, म्हणजे सिलिकॉन काढलं नाही, पसरवलं.

वर आणखी रंग मारून खड्डे भरत नाहीत, मी मारून बघितलाय. सुकू दिला, १००० ने घासून सपाट केला. मग दोन कपडे घेतले, एक आयपीएने ओला आणि त्याच्यामागे लगेच दुसरा कोरडा, एकाच दिशेने, दर वेळी कपड्याची घडी बदलून. तीनदा. काम चालू असताना टायर पॉलिश, डॅशबोर्ड पॉलिश, खोबरेल तेल (हो, खोबरेलाने चरा झाकण्याचा सल्लाही मिळाला होता) काही गाडीच्या जवळ आणू नका.

दिवस गेला. आकाशात मळभ येतंय, पण १८ मे आहे, वळवाचा असेल.

२० मे, मंगळवार

काल रात्री पाऊस झाला. आज पहाटे उघडीप मिळाली, सहा वाजता बेस कोट मारला, यावेळी खड्डा एकही नाही.

जे शिकलो ते : कॅन २० ते २५ सेंटिमीटर लांब धरायचा, फवारा बंपरच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा, मनगट फिरवायचं नाही तर अख्खा हात सरकवायचा. मनगट फिरवलं की मधे जाड आणि कडेला विरळ बसतो. तीन पातळ हात, मधे दहा-पंधरा मिनिटं. मेटॅलिकची गंमत म्हणजे ओला ओला जाड मारला की कण खाली बुडतात आणि रंग गडद दिसतो, लांबून कोरडा मारला की कण वर राहतात आणि फिका दिसतो, म्हणजे एकाच कॅनमधून तीन रंग काढता येतात. मी आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणावर तीन प्रकारे मारून, त्यावर लॅकर मारून, गाडीजवळ धरून बघितलं. लॅकर मारल्याशिवाय तुलना करू नका, नुसता बेस कोट मॅट आणि भलताच दिसतो. शेवटचा हात मी तीस-पस्तीस सेंटिमीटरवरून धुक्यासारखा मारला, त्याने छटा जवळ आली.

मास्किंगचा एक धडाही लिहून ठेवतो. टेप सरळ चिकटवली की रंगाची कड उभी राहते, भिंतीसारखी. टेप अर्धी उलटी दुमडून तिचा गोल ओठ ठेवायचा, म्हणजे फवारा त्याच्याखाली विरत जातो. बेस कोट प्रायमरच्या थोडा पुढे विरवला. लॅकर मात्र मधेच थांबवायचं नाही म्हणून कोपऱ्याचा पूर्ण भाग, चाकाच्या कमानीपासून बंपरच्या घडीपर्यंत, १५०० ने हलका घासून मोकळा ठेवला.

लॅकर लगेच मारायला हवं होतं. साडेसातला टपटप सुरू झाली आणि मी म्हटलं उद्या.

२१ मे, बुधवार

आज काय केलं ते लिहायलाही लाज वाटतेय. दिवसभर पाऊस. संध्याकाळी पाचला जरा थांबल्यासारखा वाटला, शेड पत्र्याची आहे, वरून पाणी येत नाही, म्हटलं मारून टाकू. पहिला हात चकाचक. दुसरा हात मारला आणि दहा मिनिटांत बंपरवर ताक ओतल्यासारखं झालं, पांढुरकं, दुधाळ, खालचा सिल्व्हर दिसेना.

लॅकरमधलं थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि हवा दमट असली की त्यातलं पाणी थंड पृष्ठभागावर बसून लॅकरच्या आत अडकतं. छप्पर पावसाचं पाणी अडवतं, दमट हवा नाही अडवत. हे मला शाळेत शिकवता येतं, शेडमध्ये आठवलं नाही.

बायकोचा हेअर ड्रायर आणला, लांबून गरम हवा दिली, आणि खरंच पांढरेपणा निवळायला लागला. हलका असेल तर असा जातो. पाच मिनिटांनी लाईट गेली. मग मी घाबरून, पांढरं झाकायला म्हणून, वर लॅकरचा तिसरा हात मारला, त्याने पाणी आतच बंद झालं. कॅनही संपला. ही अख्ख्या कामातली सगळ्यात मूर्ख दहा मिनिटं.

२४ मे, शनिवार

काम शून्य. अरबी समुद्रातलं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र आज रत्नागिरी-दापोलीच्या मधे किनाऱ्यावर चढलं. लाईट नाही, रेंज नाही, शेवटच्या पेट्या पडवीत पडून. बंपर दुधाळच.

२६ मे, सोमवार

मान्सून काल महाराष्ट्रात आणि आज मुंबईत पोचल्याची बातमी, मुंबईत गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता म्हणे. माझा सात जूनचा हिशोब गेला वाहून. पेंटरदादांना विचारलं तर म्हणाले घाई करू नका, ऊन पडू दे, घासा आणि परत मारा, पावसात आम्हीसुद्धा हीटर लावल्याशिवाय हात लावत नाही. कोल्हापूरच्या दुकानाला दुसऱ्या लॅकरची ऑर्डर दिली, ४६० आणि एसटीच्या पार्सलचे ८०.

१ जून, रविवार

पाऊस दडी मारून बसलाय, दोन दिवस खणखणीत ऊन. दुधाळ लॅकर १००० ने ओलं घासायला घेतलं. हळू, कारण खाली बेस कोट आहे. पाणी पांढरं निघतंय तोवर लॅकर, पाणी राखाडी झालं की बेस कोट लागला, थांबा. माझं घडीच्या कडेला राखाडी झालंच. उंचवट्यावर आणि कडेवर रंग नेहमी आधी फाटतो, तिथे पेपर फिरवायचाच नाही हे पेंटरदादांनी सांगितलेलं, ऐकलं होतं, तरी फिरवला.

बेस कोटचा कॅन हलवून बघितला, नशिबाने उरलाय.

४ जून, बुधवार

पार्सल काल आलं. आज वेळ बघून काम केलं, सकाळी अकरा ते दोन, या वेळात हवा त्यातल्या त्यात कोरडी. गाडी आधी उन्हात लावून बंपर हाताला कोमट लागेल इतपत तापवला (चटका बसेल इतका नको, मग फवारा बसायच्या आधीच सुकतो आणि खरखरीत होतो), मग सावलीत घेतली. कॅन कोमट पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं. कोमट म्हणजे बाळाच्या आंघोळीचं, कढत पाण्यात कॅन टाकलात तर फुटेल.

फाटलेल्या कडेवर बेस कोटचे दोन हलके हात, वीस मिनिटं थांबून लॅकर. पहिला हात अगदी विरळ, पुढचे तीन जरा ओले, प्रत्येकात पंधरा मिनिटं. चौथ्या हाताला हाव सुटली, एका जागी रेंगाळलो आणि खालच्या कडेला ओघळ आला. बोटाने पुसायला जाणार होतो, बायकोने हात धरला. ओला ओघळ पुसला की अख्खी जागा बिघडते, सुकल्यावर घासून काढता येतो.

पांढरं पडलं नाही. एक चिलट मात्र चिकटलं, ते तसंच राहू दिलंय.

८ जून, रविवार

चार दिवस सुकू दिलं. वन-के लॅकर हाताला तासाभरात कोरडं लागतं पण आत मऊ असतं, लवकर घासलं की पेपर चिकटतो. ओघळावर १५०० चा छोटासा तुकडा स्लिपरच्या रबरावर लावून फक्त ओघळच घासला, मग सगळ्या कोपऱ्यावर २००० ओला. संत्र्याच्या सालीसारखा पोत होता तो गेला. चिलटही गेलं, एक पाय राहिलाय बहुतेक.

घासल्यावर सगळं धुरकट दिसतं, तेव्हा छातीत धस्स होतं, पण कंपाउंड घेऊन हाताने चाळीस मिनिटं घासलं की चमक परत येते. मशीन घेऊ नका, नवीन लॅकर गरम होऊन ओढलं जातं. महिनाभर वॅक्स नाही, आठवडाभर पाण्याचा जोराचा फवारा नाही.

आता खरं सांगतो. दहा फुटांवरून काही कळत नाही. तीन फुटांवरून, सकाळच्या तिरक्या उन्हात, उजवीकडून बघितलं तर पॅच एक छटा गडद दिसतो. आईला दाखवलं, ती म्हणाली कुठे काय. पेंटरदादांना दाखवलं, त्यांनी लांबूनच बोट ठेवलं.

१४ जून, शनिवार

हिशोब. कंपाउंड २१०, वॉटर पेपर दहा नग २२०, चुकीचा सिल्व्हर २७०, राखाडी प्रायमर २४०, प्लास्टिक प्रायमर ४८०, लांबी ११०, आयपीए १९०, टेप ७०, बेस कोट ७२०, लॅकर दोन कॅन ९२०, पार्सल ८०. एकूण ३५१०.

गॅरेजवाला ३५०० म्हणाला होता. दोनदा बेरीज केली.

चुकीचा सिल्व्हर, दुसरं लॅकर आणि पार्सल वजा केलं तर २७०० मध्ये बसलं असतं. वेळ मोजला तर हात चालू असलेले तास एकोणीस-वीस, त्यातले निम्मे आधी केलेलं घासून काढण्यात गेले. प्रत्यक्ष फवारा मारण्याचा वेळ सगळा मिळून पंधरा मिनिटंही नसेल. पांढऱ्या साध्या रंगाची गाडी असती, मेटॅलिक नसलेली, तर छटेची निम्मी कटकट वाचली असती. आणि कोकणात असाल तर हे काम १५ मेच्या आत उरका नाहीतर सरळ दिवाळीनंतर घ्या, मधे करायचंच असेल तर गॅरेज.

परत करेन का? दाराला चरा पडला तर नाही. दार सपाट, नजरेसमोर, तिथे छटा लपत नाही. बंपरच्या कोपऱ्याला करेन, सामान आहेच आता.

१३ जुलै, रविवार

महिनाभर पावसात गाडी चालली, चिखल, घाट, सगळं झालं. टेपची परीक्षा परत घेतली, निघालं नाही. लांबी भरलेल्या जागी तडा नाही. घडीच्या कडेला जिथे लॅकर संपवलं होतं तिथे केसाएवढी रेघ दिसायला लागलीय, सध्या वाढत नाहीये, दिवाळीच्या सुट्टीत २००० आणि कंपाउंडचा हात फिरवून बघेन. पंपावर एकदा पेट्रोलचे दोन थेंब उडाले, लगेच पुसले, तरी तिथे बोटभर जागा निस्तेज झालीय.

गडग्याच्या कोपऱ्याला जुन्या टायरचा अर्धा तुकडा तारेने बांधलाय. तो बांधायला दहा मिनिटं लागली, तार घरातलीच.